गोरक्षाच्या गोष्टीचा शेवट

बाजारच्या दिवशी रेबेकाचं वर्गात चित्त नसे. संगमनेरातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत ती सातवीला मराठी शिकवायची. उन्हाळ्यात मुली फायनलच्या परीक्षेला बसणार होत्या, आणि अलंकार, निबंध, गोष्टीची अंगं असा सगळा भाग तिच्याच गळ्यात होता. फळ्यावर उपमेचं उदाहरण लिहिता लिहिता तिचे डोळे खिडकीतून फाटकाकडे जात. फाटकाच्या आतल्या बाजूला मास्तरणींच्या खोल्या होत्या. त्यातल्या कडेच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ योहान खाटेवर पडलेला असे, आणि बाजारला आलेली लंकाबाई ऊन चढायच्या आत तिथं येऊन बसलेली असे.

लंकाबाई नदीपलीकडच्या बोरखिंडची. रेबेकाचे वडील शांतवन ख्रिस्ती होण्याआधी त्याच वस्तीतले, आणि बाटले म्हणून कुणी पाणी तोडलं नव्हतं. रेबेका तिला मावशी म्हणे. लंकाबाईचा थोरला गोरक्षनाथ आणि योहान एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. लढाई सुरू झाल्यावर दोघं मिळून नगरला गेले आणि पलटणीत भरती झाले. बंदुकीची नव्हे, सडका बांधायची पलटण. ती ब्रह्मदेशात गेली, मागोमाग जपानी आले, आणि जो तो जंगल तुडवत हिंदुस्थानाकडे पायी निघाला. योहान परत आला तो हाडांची मोळी होऊन, हाडात मुरलेला हिवताप घेऊन. गोरक्ष आला नाही. सरकारनं त्याच्या घरी कळवलं, 'बेपत्ता'. म्हणजे काय, हे लंकाबाईला गावात कुणालाच नीट सांगता येईना. मेला म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही.

म्हणून ती येई. भाजीची पाटी दाराबाहेर ठेवी, उंबऱ्याच्या आत टेकून बसे आणि म्हणे, "योहान, बाळा, सांग की रं. कसं झालं?"

योहान भिंतीकडे तोंड करी. "मला न्हाई ठावं, मावशी."

"तू संगं हुतास न्हवं?"

"हुतो."

"मंग?"

त्या 'मंग'ला उत्तर नसे. लंकाबाई थोडा वेळ वाट बघे, पदरानं तोंड पुसे, पाटी उचले आणि जाई. तो शब्द मात्र खोलीतच राही. योहान त्या दिवशी जेवत नसे. झोपेत खाटेच्या कडा धरून ठेवी, जणू खाट वाहून चालली आहे. रेबेका उठे, बसे, पाणी पिई, मुलींच्या वह्या पुढ्यात ओढी आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाची. पुढचा बाजार येईपर्यंत हे असंच.

त्या दिवशीही बाजारच होता. धडा होता गोष्ट कशी रचावी यावर. "गोष्टीत माणसं हवीत, जागा हवी, काहीतरी अडचण हवी," रेबेका सांगत होती. "गोष्ट कोण सांगतोय आणि कुठून बघतोय, ते ठरलेलं हवं. आणि आरंभ, मध्य, शेवट हे तिन्ही हवेत. शेवट नसेल तर ती गोष्ट नव्हे, नुसती हकीकत."

पुढच्या बाकावरच्या रोझीनं हात वर केला. ही दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी, वर्गात सगळ्यात चौकस. "बाई, शेवट बरोबर आहे हे ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. ऐकणाऱ्यानं 'मग?' असं विचारलं नाही, की समजायचं, शेवट नीट बसला."

बोलून गेली आणि खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. फाटकातून लंकाबाई बाहेर पडत होती, डोक्यावर पाटी घेऊन.

संध्याकाळी रेबेकानं चूल पेटवायच्या आधी योहानच्या खाटेशी पाट ओढला. "मला सगळं सांग. जसं आठवेल तसं. मी मध्ये बोलत नाही."

"कशाला, अक्का?"

"तिचं रोजचं मरण थांबवायचंय. आणि तुझं."

योहान भिंतीकडून तिच्याकडे वळला. मग तो बोलू लागला, पण ते बोलणं कसलं, पोतं उलटं करावं तसं. चिखल. जळवा. एका मुकादमाला सगळे भीत, तोच पहिला मेला. कुठल्याशा गावात केळी मिळाली. गोरक्ष चालता चालता लावणीचे चुकीचे शब्द म्हणायचा, मुद्दाम, माणसं चिडावीत म्हणून. मग त्याचे पाय सुजले, बूट कापून काढावे लागले. मग नदी. नदीला बांबूचे तराफे होते आणि त्यांच्याभोवती झुंबड. गोरक्ष काठावर झाडाखाली बसला. म्हणाला, "तू हो पुढं, मी येतो मागनं." योहान तराफ्यावर चढला. पैलतीरी गेल्यावर साहेबानं तराफे तोडायला लावले, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून. पाऊस होता. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"बस. एवढंच," योहान म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "ह्यात कसं झालं असं काय हाय? मी मावशीला काय सांगू?"

रेबेका त्या रात्री आणि पुढचा आठवडाभर त्या तुकड्यांशी झटत होती. भाकरी थापताना, प्रार्थनेला उभी असताना, वर्गात. मुकादम वगळला, त्याचं इथं काम नव्हतं. केळी ठेवली. लावणीचे चुकीचे शब्द काढून तिथं आईची आठवण घातली. नदीकाठचं झाड ठेवलं, ते फार चांगलं होतं. ताप आणला. योहानला तराफ्यावरून उतरवून झाडाखाली नेऊन बसवला आणि गोरक्षाचं डोकं त्याच्या मांडीवर दिलं. दिवा विझावा तसा तो शांत झाला. दोस्तांनी त्याला तिथंच पुरला, वर दगड रचले, तोंड देशाकडे केलं.

राहिलं ते एक वाक्य. 'तू हो पुढं, मी येतो मागनं.' ते तिनं इकडे लावून पाहिलं, तिकडे लावून पाहिलं. कुठंही लावलं तरी ऐकणारी विचारणारच, मंग? आला का त्यो? शेवटी तिनं ते काढून टाकलं, आणि गोष्ट एकदम घट्ट बसली.

पुढच्या बाजारी तिनं शाळेतून तासाभराची सुटी मागून घेतली. लंकाबाई उंबऱ्याशी बसल्यावर ती म्हणाली, "मावशी, योहानच्यानं बोलवत नाही. त्यानं मला सांगितलंय. मी सांगते." आणि तिनं सांगितली. मुलींना गोष्ट सांगताना जसा आवाज खाली आणायचा तसा आणला, जिथं थांबायचं तिथं थांबली. योहान मान खाली घालून खाटेच्या सुंभाची गाठ सोडवत होता.

"शेवटी काय म्हनला?" लंकाबाईनं विचारलं.

"आई म्हणाला. आणि दिवा विझावा तसा शांत झाला."

लंकाबाई रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, मोकळ्यानं, आवाज काढून. मग डोळे पुसून तिनं योहानच्या पायांना हात लावला. "माज्या लेकाचं डोकं तू मांडीवर घेतलंस बाबा. तुजं लई उपकार हायेत." योहाननं पाय असे मागे ओढले की जणू कुणी निखारा ठेवला.

'मंग' तिनं विचारलं नाही. पुढच्या बाजारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

रेबेकाला वाटलं होतं, आता तरी झोप लागेल. लागली नाही. योहाननं तर बोलणंच टाकलं. ताप नसतानाही तो पांघरूण डोक्यावरून घेऊन पडे. ती विचारी, "काय होतंय?" तो म्हणे, "काय न्हाई."

शिमगा होऊन गेल्यावर एके दिवशी सकाळी लंकाबाईचा धाकटा मुलगा बन्सी दारात आला. अंगात धुतलेला सदरा, चेहरा ओढलेला. त्याला बस म्हटलं तरी तो उभाच राहिला.

"आईनं सांगावा धाडलाय, बाई. आज राती पाट लावायचा हाय. माजा आन् हौसावैनीचा. तुमी दोगांनी यावं म्हनली."

हौसा म्हणजे गोरक्षाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो भरती झाला होता. त्यांच्यात विधवेचा दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे, त्यात नवल काही नव्हतं. पण विधवा कशावरून? रेबेकानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"अचानक कसं ठरलं रे?"

"अचानक कसलं. दादाचं समदं खरं कळलं न्हवं का, मंग पंचांनीच इषय काढला. दादाचं दिवस घातले, वैनीच्या बांगड्या फोडल्या." बन्सी जमिनीकडे बघत होता. "आई बाया जमवून सांगती, कसं झाडाखाली निजला, कसं वर दगड रचले. दिवा इजावा तसा शांत झाला म्हनं दादा. ती येवडं म्हनली का समद्या वस्तीतल्या बाया रडत्यात. आता त्याच्यावर गानं बी केलंय."

बन्सी गेला तरी रेबेका तशीच उभी. 'दिवा विझावा तसा', तिनं फळ्यावर लिहिलेली उपमा. मुलींना पाठ करायला दिलेली. ती नदी ओलांडून गेली होती आणि तिच्यावर एका पोरीच्या बांगड्या फुटल्या होत्या.

"योहान," ती म्हणाली, "तो मेला असेल का रे?"

पांघरुणाखालून आवाज आला, "मी मेलेला बगितला न्हाई, अक्का. तुला ठाव हाय."

"पण जिवंत असेल असंही..."

"त्ये बी न्हाई ठावं." तो उठून बसला. डोळे तांबारले होते. "माज्यापाशी एकच खरी गोष्ट हुती. त्याच्या तोंडचा शबूद. त्यो तू काडलास."

शाळेत निरोप धाडून रेबेकानं चपला घातल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. पाट लागतो रात्री, म्हणजे अजून वेळ होता, तरी ती धावल्यासारखी चालली होती. बाजारपेठ मागं पडली, नदीचा उतार आला. प्रवरेला घोट्याएवढं पाणी होतं. ती मधोमध असताना मागून पाण्याचा आवाज आला. वळून बघते तर योहान. धोतर गुडघ्यांवर खोचलेलं, हातात काठी. कित्येक महिन्यांत तो फाटकाबाहेर पडला नव्हता, आणि पाण्यात तर पाऊलही घातलं नव्हतं. तो पाण्याकडे न बघता तिच्या पाठीकडे बघत येत होता.

"तू कशाला आलास? मी सांगते."

"न्हाई," योहान म्हणाला. "लई सांगितलंस."

बोरखिंडच्या वस्तीत लंकाबाईच्या घरापुढे सारवण चाललं होतं. हौसा आत कोपऱ्यात बसली होती, हिरवं नेसून, बाहेर न बघता. लंकाबाई हसतमुखानं पुढे आली. "आलात व्हय? लवकर आलात. बरं क्येलं, बसा."

रेबेका बसली नाही. "मावशी, मी तुम्हाला सांगितलं ना गोरक्षाचं, ते मी रचलं होतं."

"रचलं म्हंजी?"

"म्हणजे काही खरं होतं, काही मी घातलं. ताप मी घातला. मांडीवर डोकं मी ठेवलं. दगड, देशाकडे तोंड... सगळं मी. योहाननं यातलं काही पाहिलेलं नाही. तुम्हाला शांत वाटावं म्हणून..."

लंकाबाई तिच्याकडे बघत राहिली. हातावरचं शेण वाळत चाललं होतं. सारवणाऱ्या बाया थांबल्या. "मंग माजा लेक मेला न्हाई?"

"ठाऊक नाही, मावशी. कुणालाच ठाऊक नाही."

योहान पुढे झाला. उभं राहवेना म्हणून तो ओट्याला टेकला आणि बोलू लागला. चिखल. जळवा. मुकादम. लावणीचे चुकीचे शब्द. बूट कापले ते. मध्येच तो अडखळे, मागे जाई, आधीचं विसरलेलं सांगे. कुठं आवाज खाली आणायचा हे त्याला माहीत नव्हतं. "पाय सुजलं हुतं लई. झाडाखाली बसला. मी म्हनलं, मी न्हाई जात तुला टाकून. त्यानं काठीनं ढोसलं मला. म्हनला, तू हो पुढं, मी येतो मागनं. मी ग्येलो, मावशी. मंग तराफं तोडलं."

लंकाबाईनं खाली बसून विचारलं, "पुन्हा म्हन. काय म्हनला?"

"तू हो पुढं, मी येतो मागनं."

"काठीनं ढोसलं?"

"व्हय. हितं." योहाननं बरगडीवर हात ठेवला.

"त्योच," लंकाबाई म्हणाली. "त्योच हाय माजा. लहानपनापास्नं ढोसायची खोड." मग ती उठली आणि रेबेकापुढे येऊन उभी राहिली. आवाज चढला नाही. "ह्ये तू मला दिलं न्हाईस. तू मला दुसऱ्याच कुनाचं पोर दिलंस आन् मी त्याला रडले. त्याचं दिवस घातले. जा आता. माज्या दारात उबी राहू नगं."

घरातून हौसा बाहेर आली. कोवळी पोर, पण चेहऱ्यावर कसलीच कोवळीक उरली नव्हती. पाट मोडला म्हणून ती सुटल्यासारखी दिसेल असं रेबेकाला वाटलं होतं, निदान तिला तशी आशा होती. हौसा म्हणाली, "बाई, आदी तुमी त्यास्नी मारलं. मी रडून घ्येतलं. मनाला समजावलं. आता तुमी त्यास्नी अर्दं जितं क्येलं. मी आता काय करू? बांगड्या घालू का फोडू?"

बन्सी अंगणाच्या टोकाला सदऱ्याची गुंडी पिरगळत उभा होता. गुंडी तुटून त्याच्या हातात आली.

त्या रात्री पाट लागला नाही. पंच रागावले, मास्तरणीला वस्तीत पाय ठेवू देऊ नका म्हणाले. बन्सी साखर कारखान्यावर कामाला निघून गेला. हौसानं कुणाचं न ऐकता एकेका हातात एकेकच बांगडी भरली, आणि लोकांनी विचारलं की म्हणे, "जेवडं ठाव हाय तेवडीच."

रेबेका शिकवत राहिली. मुली फायनलला बसल्या, रोझी चांगल्या गुणांनी पास झाली. पण आता धडा रचनेचा आला की रेबेका चुळबुळत असे. नियम सांगून टाकी आणि घाईनं व्याकरणाकडे वळे. रस्त्यानं कुणी लष्करी कोट घातलेला दिसला की ती मागं वळून बघे. तो गोरक्ष असावा असं तिला वाटे, आणि नसावा असंही वाटे, आणि या दुसऱ्या वाटण्याची तिला इतकी लाज वाटे की ती चालता चालता पदर तोंडावर घेई.

योहान मात्र हळूहळू उठू लागला. मोटारस्टँडवर सामान उतरवून घ्यायचं काम त्याला मिळालं. बाजारच्या दिवशी तो मुद्दाम दुपारी घरी येई आणि दार उघडं ठेवून बसे. कितीतरी बाजार तसेच गेले. मग एका दिवशी, पावसाळा सरता सरता, दाराबाहेर पाटी टेकल्याचा आवाज झाला.

लंकाबाई आत आली. रेबेकाकडे तिनं बघितलं नाही. "योहान," ती म्हणाली, "त्यो जेवायचा का रं नीट तिकडं?"

"तांदूळ असायचा निसता. शिव्या द्यायचा भाताला."

"द्यायचाच. भाकर लागती त्याला." ती बसली. "भांडान केलं का कुनाशी?"

"मुकादमाशी क्येलं. एकदा न्हाई, रोज."

हे असं सुरू झालं, आणि मग दर बाजारी चालू राहिलं. लढाई संपली. कुणाकुणाचे मुलगे सिंगापुराकडून कैदेतून सुटून आले, नगरला आगगाडीतून उतरले. लंकाबाई दोनदा नगरला जाऊन फलाटावर उभी राहून आली. गोरक्ष आला नाही. पुढं सरकारनं त्याला मेलेल्यात धरलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हौसानं स्वतः कारखान्यावर बन्सीला निरोप धाडला आणि दोघांचा पाट लागला. गाणं नाही, रडणं नाही. लंकाबाईनं सुनेची ओटी भरली आणि एवढंच बजावलं, "त्यो मेला असं माज्या घरात कुनी म्हनायचं न्हाई. आला न्हाई, असं म्हनायचं." हौसा हो म्हणाली. रेबेकाला बोलावणं नव्हतं. योहान जाऊन जेवून आला.

आणि बाजारच्या दिवशी लंकाबाई येतच राहिली. योहान सांगे. आज केळ्यांचं, पुढल्या खेपेला पुन्हा बुटांचं, मध्येच ब्रह्मदेशातल्या एका कुत्र्याचं, ज्याचा कशाशी काही संबंध नसे. एकच गोष्ट दोनदा सांगताना तपशील बदलले की लंकाबाईच त्याला अडवी, "मागं तर तू डावा पाय म्हनला हुतास," आणि दोघं त्यावर वाद घालत.

रेबेका चुलीशी बसून ऐके. तिच्या मनात आपसूक जुळवाजुळव सुरू होई, कुत्रा आधी यायला हवा, मग नदी, केळी इथं नकोत. कधी ओठ उघडतही. तेव्हा लंकाबाई तिच्याकडे न बघता हात वर करी, "तू गप ऱ्हा, बाई. त्याला सांगू दे," आणि रेबेका मान खाली घालून चुलीतलं लाकूड आत सारी.